‘वय झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

“डॉक्टर, हे आता वयामुळेच ना?” किडनीचा रिपोर्ट पुढे ठेवत सत्तरीतले पेशंट मला हमखास विचारतात. ‘हो’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण वयामुळे काय होतं आणि आजारामुळे काय, हे वेगळं करायला वैद्यकशास्त्राला अनेक वर्षं लागली. कारण त्यासाठी माणसं म्हातारी होईपर्यंत वाट पाहावी लागते!

पूर्वी वार्धक्याचा अभ्यास बहुतेक वेळा रुग्णालयांत किंवा वृद्धाश्रमांत असलेल्यांवर होई. म्हणजे आजारी माणसं पाहून म्हातारपणाची व्याख्या ठरायची. दुसरी पद्धत म्हणजे आजचे तिशीतले आणि आजचे सत्तरीतले लोक यांची तुलना करायची. त्यातही गफलत होते. तुमचे आजोबा तुमच्यापेक्षा बुटके असतील, तर त्याला फक्त वय कारणीभूत नसतं. लहानपणी त्यांना मिळालेलं अन्न आणि झालेले आजारही वेगळे होते. पिढ्यांमधला फरक आपण वयाच्या खात्यावर मांडून टाकतो.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात नेथन शॉक या शास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. विल्यम पीटर नावाचे एक निवृत्त डॉक्टर मृत्यूनंतर आपला देह विज्ञानाला द्यायला तयार होते. शॉक यांच्या चमूला वाटलं, मेल्यावर कशाला, जिवंतपणीच तपासू या! मग पीटर यांनी आपल्या मित्रमंडळींनाही गोळा केलं. स्वतःच्या घरी राहणारी, हिंडती-फिरती माणसं ठरावीक काळाने येऊन त्याच त्याच तपासण्या करून घेऊ लागली. हा अभ्यास आजही चालू आहे.

यातून काय मिळालं? किडनीचंच उदाहरण घ्या. १९५८ ते १९८१ या काळातल्या नोंदींवरचा निबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. किडनीची रक्त गाळण्याची क्षमता सरासरीने दरवर्षी थोडी घटत होती, हे खरंच. पण सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये ती घटलेलीच नव्हती! सरासरी उतरत होती, पण प्रत्येक माणूस उतरत नव्हता. एकदाच केलेल्या तपासणीत हे कधीच दिसलं नसतं.

या अभ्यासात मोठी उणीवही होती. सुरुवातीचे स्वयंसेवक प्रामुख्याने सुशिक्षित, सुस्थितीतले गोरे पुरुष होते. स्त्रियांना प्रवेश मिळाला तो थेट १९७८ मध्ये. पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त जगणाऱ्या स्त्रियांच्या म्हातारपणाची नोंदच वीस वर्षं झाली नाही.

पुढच्या सर्वेक्षणांनी यातून धडा घेतला. १९९२ मध्ये मिशिगन विद्यापीठाने पन्नाशीपुढच्या लोकांचं राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू केलं. स्वयंसेवकांची वाट न पाहता देशभरातली घरं नमुना म्हणून निवडली आणि तब्येतीबरोबर पैसा, नोकरी, कुटुंब यांचीही विचारपूस केली. आपल्याकडे ‘लासी’ नावाचं असंच सर्वेक्षण मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालं. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. घरी जाऊन ब्लड प्रेशर आणि हाताच्या पकडीची ताकदही मोजली. पण खरं मोल त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्यात आहे.

म्हणून दोन विनंत्या. असा सर्व्हे करणारं कुणी दारात आलं, तर ओळखपत्र जरूर पाहा, पण घाईने परत पाठवू नका. आणि स्वतःचे जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नका. तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवा आणि दरवेळी बरोबर आणा. तुमचं आजचं क्रिएटिनिन शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून मला फारसं काही कळत नाही, तुमच्याच पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून खूप कळतं. तो आकडा झपाट्याने बिघडत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून घरी बसू नका. ब्लड प्रेशर, शुगर आणि दुखण्यावरच्या गोळ्या, यांचा हिशेब आधी लावू या.