बाटली क्रमांक 53-एन

मंडळी, संकटात पाठवलेली मदत वाटेत नेमकी कुठे बिघडते, हे शोधायचं कसं? किती माल निघाला, किती पोचला, हे आकडे सांगतात. बिघाड कुठल्या हातात झाला हे कळायला मात्र एकच प्रकरण धरून त्याच्या मागे टोकापर्यंत जावं लागतं. यालाच आपण केस स्टडी म्हणतो. त्यासाठी लांब कशाला जायचं? परळचंच उदाहरण घेऊ.

1896 साली मुंबईत प्लेग आला. हाफकिनांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तिथून बाटल्या दूरदूर जाऊ लागल्या. पुढे पंजाबातून मोठी मागणी आली. पुरवठा वाढवायचा, तर लस तयार करण्याच्या पद्धतीतही बदल झाला: कार्बोलिक ॲसिड वगळलं आणि निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भर दिला.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुलकोवाल गाव. पाच बाटल्यांतून 107 जणांना लस टोचली. त्यातले 19 जण धनुर्वातानं दगावले, आणि या सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती, 53-एन.

इथे आपण थांबून विचार करू. त्याच दिवशी, त्याच गावात, दुसऱ्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही. म्हणजे प्रकरण एकच असलं, तरी तुलना त्याच्या पोटातच आहे. दोष सरसकट लशीचा नव्हे, एका बाटलीचा. पण तो शिरला कुठे? परळला, प्रवासात, की बाटली उघडताना?

सरकारी चौकशीनं बोट परळकडे दाखवलं. पद्धत नुकतीच बदललेली होती, त्यामुळे संशय तिथे जाणं सोपं होतं. हाफकिनांना पद गमवावं लागलं. मात्र साखळीचं शेवटचं टोक तपासलं, तर वेगळंच दिसतं. बाटली उघडताना वास आला नव्हता. आत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढलेले असते, तर दुर्गंधी यायला हवी होती. शिवाय बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा पुरावा लावून धरला आणि 1907 मध्ये हाफकिनांवरचा ठपका दूर झाला. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

एका प्रकरणावरून असे अपघात किती वेळा होतात हे ठरत नाही; ते कसे होतात हे कळतं. म्हणून मदतकार्याचा अभ्यास करताना आपण गोदामाची नोंदवही जरूर मागावी, पण जिथे बाटली उघडली त्या गावापर्यंतही जावं. मुलकोवालच्या 19 माणसांचा जीव त्या शेवटच्या टप्प्यावर गेला, आणि तो टप्पा नीट पाहायला पाच वर्षं लागली.