डोक्याला मार लागल्यावर मेंदूवर नजर कशी ठेवतात? ईईजी मॉनिटरिंग सोप्या भाषेत

बाईकवरून पडून डोक्याला जबर मार लागलेला पेशंट आयसीयूमध्ये आहे. तो बेशुद्ध आहे, हातपाय हलत नाहीत. मॉनिटरवर नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं ठीक दिसतंय. तरीही त्याच क्षणी त्याच्या मेंदूत फिट सुरू असू शकते आणि शेजारी उभ्या असलेल्या नर्सलाही ती दिसत नाही. मित्रांनो, ही न दिसणारी फिट पकडणाऱ्या तपासणीचं नाव ईईजी. ती कशी होते, किती वेळ चालते आणि हातातलं स्मार्टवॉच तिची जागा घेऊ शकतं का, हे या लेखात पाहूया.

झटके न येता फिट कशी येते?

मेंदूच्या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विद्युत संदेशांनी बोलतात. डोक्याला मार लागून रक्तस्राव झाला किंवा सूज आली की हे काम बिघडू शकतं. मग असंख्य पेशी एकदम, एकाच लयीत संदेश सोडायला लागतात. यालाच आपण फिट किंवा आकडी म्हणतो. हा गोंधळ हातपाय हलवणाऱ्या भागात पोचला तर झटके येतात. तो दुसऱ्या भागात राहिला, किंवा पेशंट खोल बेशुद्धीत असला, तर बाहेरून काहीच कळत नाही. डॉक्टर याला नॉन-कन्व्हल्सिव्ह सीझर म्हणतात.

धोका असा, की फिटच्या वेळी पेशींना साखर आणि ऑक्सिजन जास्त लागतो. जखमी मेंदूला आधीच दोन्हींची चणचण असू शकते. त्यात कवटीच्या आतला दाब वाढला तर मेंदूचं आणखी नुकसान होतं.

ईईजी नेमकं काय मोजतं?

जर्मनीतल्या जेना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली ईईजी नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. मूळ कल्पना आजही तीच आहे. डोक्यावर ठरलेल्या जागी, साधारण २१ इलेक्ट्रोड चिकटवतात. ते कवटीबाहेर पोचणारा विद्युत सिग्नल टिपतात. हा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. टीव्हीच्या रिमोटमधला सेल १.५ व्होल्टचा असतो. १०० मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा १५ हजारावा भाग! म्हणून मशीन आधी सिग्नल मोठा करतं आणि मग स्क्रीनवर लाटा दाखवतं. यात शॉक वगैरे काही नसतो, मशीन फक्त ऐकतं.

सीटी स्कॅन आणि ईईजी यांत गोंधळ होतो, म्हणून एवढं लक्षात ठेवा: सीटी स्कॅन हा फोटो आहे, ईईजी हा लाइव्ह स्ट्रीम. रक्ताची गाठ कुठे आहे ते फोटोत दिसतं. पेशी आत्ता काय करताहेत ते लाइव्हमध्येच कळतं.

अर्धा तास का पुरत नाही?

साधा ईईजी २० ते ३० मिनिटांचा असतो. पण फिट काही वेळ सांगून येत नाही. म्हणून गंभीर पेशंटला कंटिन्युअस ईईजी लावतात, तो सहसा किमान २४ तास आणि कोमात असेल तर आणखी जास्त वेळ. अमेरिकेतल्या यूसीएलए या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये अशा ९४ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या २१ जणांना, म्हणजे २२ टक्क्यांना फिट आल्या होत्या. यांपैकी निम्म्याहून जास्त पेशंटच्या फिट फक्त ईईजीवरच कळल्या.

एवढ्या तासांचं रेकॉर्डिंग बघायला सॉफ्टवेअर मदत करतं. ते कित्येक तासांच्या लाटा एका रंगीत पट्टीत दाखवतं आणि संशयास्पद जागा दाखवून देतं. पण व्हेंटिलेटरची कंपनं किंवा स्नायूंची हालचालही फिटसारखी दिसू शकते. त्यामुळे शेवटचा निर्णय मूळ लाटा वाचणाऱ्या डॉक्टरचाच.

ईईजीलाही चकवणारी लाट

ब्राझीलच्या आरिस्टिडेस लेआओ यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत एक वेगळीच लाट पाहिली. पेशी एकामागून एक गप्प होत जातात आणि ही शांतता मिनिटाला काही मिलिमीटर अशी हळू पसरते. याला स्प्रेडिंग डिपोलरायझेशन म्हणतात. गंभीर मार लागलेल्या माणसांच्या मेंदूतही ती आढळली आहे. डोक्यावरच्या ईईजीत ती ओळखणं फार अवघड आहे. म्हणून ज्यांचं ऑपरेशन होणारच असतं, त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर काही मोजक्या केंद्रांत इलेक्ट्रोडची बारीक पट्टी ठेवतात.

स्मार्टवॉच हे करू शकतं का?

नाही. एम्ब्रेस नावाच्या मनगटी उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मान्यता दिली. ते हाताची हालचाल आणि त्वचेतले विद्युत बदल मोजून मोठ्या झटक्यांचा अलर्ट पाठवतं. म्हणजे ते हाताकडे बघतं, मेंदूकडे नाही. हात हललाच नाही, तर अशा घड्याळाला फिट कळणं कठीण.

मग आपल्या हातात काय आहे?

१. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. "झोपू दे, सकाळी बघू" असं करू नका.

२. फिट आली तर मोबाईलवर वेळ लावा. माणसाला कुशीवर वळवा, पण अपघात असेल तर मान सांभाळा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. फिट ५ मिनिटांत थांबली नाही तर ती इमर्जन्सी आहे.

३. मदतीला दुसरं कुणी असेल तर फिटचा व्हिडिओ काढा आणि फक्त डॉक्टरांना दाखवा. निदानाला त्याची खूप मदत होते. ग्रुपवर टाकू नका.

४. नातेवाईक आयसीयूत असेल आणि शुद्ध येत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "ईईजी केला का? किती वेळ केला?" हा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही.