लांडग्याच्या हातातली लेखणी

फ्रान्सिस्को गोयाच्या ‘युद्धाचे अनर्थ’ या ८२ छापचित्रांच्या मालिकेत प्रेतांना तोटा नाही. झाडाला टांगलेली, तोडलेली, उघडीनागडी. तरी मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती चौऱ्याहत्तराव्या चित्राची, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. एक लांडगा निवांत बसून पिसाच्या लेखणीनं कागदावर लिहितो आहे. त्याच्यापुढे एक भिक्षू दौत धरून गुडघ्यांवर बसला आहे. भोवती फाटक्या माणसांची गर्दी. कागदावरच्या मजकुराचा मथितार्थ एवढाच, की दोष तुम्हा माणसांचाच. चित्राचं नाव : ‘हे सर्वांत वाईट’.

१८०८ साली नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला तेव्हा गोया साठी ओलांडलेला, ठार बहिरा झालेला दरबारी चित्रकार होता. १८१० च्या सुमारास त्यानं तांब्याच्या पत्र्यांवर ही चित्रं कोरायला घेतली. दुसऱ्या चित्रात फ्रेंच सैनिकांनी सामान्य स्पॅनिश माणसांवर संगिनी रोखल्या आहेत. तिसऱ्यात स्पॅनिश माणसानं फ्रेंच सैनिकावर कुऱ्हाड उगारली आहे, आणि खाली नाव आहे ‘तेच’. आपल्या माणसांना त्यानं सूट दिली नाही. १८१४ मध्ये फ्रेंच गेले, स्पेनचा राजा सातवा फर्डिनांड परतला आणि त्यानं राज्यघटनाच रद्द केली, धर्मन्यायालय पुन्हा सुरू केलं. लांडगा या काळातला. म्हणजे शांततेतला! ही मालिका प्रसिद्ध झाली १८६३ साली. गोयाला जाऊन तेव्हा ३५ वर्षं झाली होती.

हे चित्र पाहिलं की मला भिवंडी आठवते. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि यंत्रमागांचं हे गाव पेटलं. भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं केली. त्यांच्या अहवालात दंगलखोरांइतकेच कठोर शब्द वाट्याला आले ते दंगलीनंतर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलिसांच्या खास पथकाला. या पथकानं धर्म पाहून तपास केला, असा त्याचा निष्कर्ष. आग विझल्यावर कागद रंगवले गेले, ते असे.

त्या दिवसांत भीष्म साहनी भाऊ बलराज यांच्यासोबत भिवंडीत आले होते. जळलेल्या वस्तीतून फिरताना त्यांना आपलं गाव दिसू लागलं : १९४७ ची रावळपिंडी. दोन तपं मनात दबून राहिलेलं ते शहर भिवंडीनं उकरून काढलं. दिल्लीला परतल्यावर त्यांनी जी कादंबरी लिहायला घेतली ती ‘तमस’. भिवंडीचं नाव तिच्यात कुठेही नाही, तरी ती मला भिवंडीचीही वाटते.

‘तमस’मध्ये मुराद अली नावाचा माणूस नत्थूला पाच रुपये देऊन एक डुक्कर मारायला लावतो. ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं आणि शहर पेटतं. इंग्रज अधिकारी रिचर्डला हे थांबवता आलं असतं, पण तो हालत नाही. सगळं राखरांगोळी झाल्यावर मात्र सरकारी यंत्रणा जागी होते, समित्या बसतात, शांततेच्या घोषणा देत फिरायला एक बस निघते. बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, घोषणा द्यायला मुराद अली बसलेला असतो. त्याला ओळखू शकला असता तो नत्थू तोवर मेलेला असतो.