दीड टनाचं आजोळ

एसी घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता आधी खोलीची चौकशी करतो. दहा बाय बारा? डोक्यावर गच्ची आहे का? पश्चिमेची भिंत? झोपतात किती जण? मग क्षणभर विचार केल्यासारखं करून निकाल देतो, “दीड टन घ्या साहेब. एक टन पुरणार नाही.” आपण मान डोलावतो. घरातली पेटी दहा-बारा किलोंची, खिडकीबाहेर टांगायचं धूड तीस-पस्तीस किलोंचं. मग हा टन आहे तरी कशाचा, हे विचारायचं राहूनच जातं.

तो बर्फाचा आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. हा टन अमेरिकी, २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. ताशी १२,००० बीटीयू किंवा साडेतीन किलोवॉट असंही त्याला म्हणतात, पण ती भाषा इंजिनिअरांची. साध्या हिशेबात सांगायचं तर दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा तासाला सत्तावन्न किलो बर्फ वितळवण्याचं काम तो करत असतो. हे वाचल्यावर रात्रभर एसी लावून दुलई पांघरणाऱ्या माणसाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

एसीचं आजोळ बर्फाचं आणि घराणं छापखान्याचं. आजोळची ओळख टनाच्या रूपाने टिकली. घराण्याचं नाव मात्र सगळे विसरले, आणि एसी चुकीचा वापरण्याची बरीचशी कारणं त्या विसरण्यात आहेत.

आधी आजोळ. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा माणूस हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून उष्ण देशांना विकत असे. १८०६ मध्ये त्याने पहिलं जहाज कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पाठवलं तेव्हा बोस्टनकरांनी त्याला वेड्यात काढलं होतं. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिने समुद्रावर, दोनदा विषुववृत्त ओलांडून. लाकडाच्या भुश्यात गच्च दाबलेला शंभरेक टन बर्फ सप्टेंबरात धडधाकट पोचला. पाठोपाठ मुंबईतही अमेरिकी बर्फ उतरू लागला. फोर्टात गोदीजवळ त्याच्यासाठी गोल घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४ मध्ये पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, यजमानासकट सगळ्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने त्याची बातमी केली, असं सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागलेलं असेलही, पण मुंबईला थंडाव्याचं पहिलं अप्रूप हे असं भुश्यात गुंडाळून आलं, एवढं खरं. पुढे बर्फ बनवणारी यंत्रं आली, १८७० नंतर आपल्याकडेही बर्फाचे कारखाने निघाले आणि तळ्यांचा धंदा बसला. नव्या यंत्राची ताकद गिऱ्हाइकाला समजणार कशी? तर हे यंत्र दिवसाला किती टन बर्फाचं काम करतं, ते सांगून. बर्फ गेला आणि माप उरलं.

बर्फाने माणसांच्या खोल्या गार करण्याचे प्रयत्नही त्याच काळातले. फ्लोरिडातल्या अपलाचिकोला गावचा डॉक्टर जॉन गोरी तापाच्या रुग्णांच्या डोक्यावर छताला बर्फाची भांडी टांगायचा. उत्तरेकडून येणाऱ्या बर्फावर अवलंबून राहण्याचा कंटाळा येऊन त्याने हवा दाबून, मग एकदम मोकळी सोडून बर्फ करणारं यंत्र बनवलं. १८५१ मध्ये त्याला पेटंट मिळालं, पैसा मिळाला नाही. १८५५ मध्ये तो कफल्लक अवस्थेत वारला. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. वॉशिंग्टनच्या उन्हाळ्यात तळमळणाऱ्या या रुग्णासाठी नौदलाच्या इंजिनिअरांनी एक पेटारा रचला. त्यात बर्फाच्या पाण्याने भिजलेले कापडाचे पडदे आणि त्यांतून हवा रेटणारा पंखा. खोली बरीच गार झाली. त्यासाठी दोन महिन्यांत पाच लाख पौंड बर्फ लागला, असं नोंदलेलं आहे. पाच लाख पौंड म्हणजे २५० टन, दिवसाला चार टनांच्या थोडं वर. आजच्या दुकानदाराच्या भाषेत, दीड दीड टनाचे तीन एसी. गारफिल्ड मात्र वाचले नाहीत.

आता घराणं, आणि इथे जरा थांबायला हवं.

१९०२ चा उन्हाळा, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. सॅकेट-विल्हेल्म्स नावाच्या छापखान्यात रंगीत मासिकं छापली जात. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळा चढतो. आज पिवळा, उद्या लाल, परवा निळा. दमट दिवशी कागद ओल पितो आणि केसभर फुगतो, कोरड्या दिवशी आकसतो. मग कालच्या पिवळ्यावर आजचा लाल नेमका बसत नाही, आणि चित्रातल्या बाईचे ओठ गालावर सरकतात. छापखान्याला गारवा नको होता, त्याला हवेतल्या ओलाव्यावर लगाम हवा होता.

हे काम बफेलो फोर्ज या कंपनीतल्या विलिस कॅरियर नावाच्या इंजिनिअरकडे आलं. वय पंचवीस, कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडून वर्ष झालेलं. थंड नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातली वाफ नळ्यांवर पाणी होऊन बसते, बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तशी. नळ्या किती थंड ठेवायच्या आणि हवा किती वेगाने सोडायची याचं गणित त्याने बसवलं. सापेक्ष आर्द्रता बारा महिने ५५ टक्के राखायची हे लक्ष्य ठरलं. या यंत्रणेची ताकद किती होती? दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळवल्याइतकी, म्हणजे ५४ टन. हिशेब इथेही बर्फातच.

त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुक्यात उभा असताना कॅरियरला पुढची गोष्ट सुचली. धुक्यातली हवा पाण्याने पुरती भरलेली असते, पण थंडीमुळे त्या ‘पुरती’चं प्रमाण अगदी थोडं असतं. म्हणजे थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा गाळली तर ती हव्या त्या मापाने कोरडी करता येईल. पाण्याने हवा कोरडी करायची, असा हा उफराटा कारभार. १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि तंत्र आधी पोचलं कापडगिरण्यांत. तिथे गरज नेमकी उलटी होती. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून हवेत ओल भरायची. एकच विद्या छापखान्यात पाणी काढत होती आणि गिरणीत घालत होती. माणसांना गार वाटतं आहे, हा कामगारांच्या पदरात पडलेला वरकड फायदा.

हा फायदा विकता येतो हे चित्रपटगृहांनी ओळखलं. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात कॅरियरची यंत्रणा बसली आणि उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या थिएटरांपुढे रांगा लागू लागल्या. मुंबईत १९३३ साली कुलाब्याला रीगल उघडलं. भारतातलं पहिलं वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून त्याचंच नाव घेतात. पडद्यावर कोणीही असो, तीन तास गारव्यात बसायला मिळतं म्हणून तिकीट काढणारे पुढे कितीतरी वर्षं होते. १९३४ मध्ये मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा लागला, तोही बर्फाच्या लाद्यांवर. डब्याच्या तळाशी पेट्यांत लाद्या, त्यांवरून फुंकलेली हवा आत, आणि वाटेतल्या स्टेशनांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या. आजोळ सहजासहजी सुटत नाही ते असं.

घरात यायला एसीला बराच वेळ लागला. मिनियापोलिसमध्ये चार्ल्स गेट्स नावाच्या धनाढ्याच्या वाड्यात १९१४ मध्ये बसवलेलं यंत्र वीस फूट लांब होतं. गेट्स आधीच वारला होता, आणि ते यंत्र कधी चाललं की नाही यावरच शंका आहे. खिडकीत मावणारा एसी १९३० च्या दशकात निघाला, परवडू लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. मधला मोठा अडसर होता आतल्या वायूचा. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, म्हणजे गळती झाली तर झोपेतच कारभार आटोपायचा. १९३० मध्ये थॉमस मिजली याने फ्रिऑन हा नवा वायू छातीत भरून घेतला आणि रसायनशास्त्रज्ञांसमोर त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, ज्वालाग्राही नाही, आणखी काय हवं? त्या कुळातले वायू आकाशातला ओझोनचा थर पोखरतात हे १९७४ मध्ये रोलँड आणि मोलिना या शास्त्रज्ञांनी मांडलं, आणि १९८७ च्या माँट्रियल करारापासून ते टप्प्याटप्प्याने हद्दपार झाले. आता गोदरेजने आपल्याकडे प्रोपेनवर चालणारे एसी काढले आहेत. प्रोपेन पेटतो, म्हणून तो मोजून-मापून भरावा लागतो. शंभर वर्षांची एक प्रदक्षिणा झाली म्हणायची.

भारतात एसीवर चैनीची वस्तू म्हणून जबर कर होता, त्यामुळे तो साहेबाच्या केबिनपुरता राहिला. चाळीतल्या माणसाला तो बँकेत किंवा थिएटरात भेटायचा. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंतही त्यावर २८ टक्के जीएसटी होता, तो आता १८ झाला आहे.

मग हे घराणं विसरण्याने बिघडतं काय? दुकानदाराचा ‘थोडा मोठाच घ्या’ हा सल्ला घ्या. जुन्या पद्धतीचा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी खोलीच्या मानाने मोठा असला, की पाच मिनिटांत हवा गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. तापमान उतरतं, पण नळ्यांवर पाणी जमून गळून जायला लागतो तो वेळ त्याला मिळतच नाही. खोली गार आणि दमट, तळघरासारखी. मग माणूस रिमोट उचलतो आणि १८ करतो. खरं दुखणं ओलीचं असतं, औषध मात्र गारव्याचं वाढवलं जातं. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करत सावकाश, सलग चालतो. तो वीज वाचवतो हे सगळे सांगतात, पण मुंबईकराने तो घ्यावा याचं माझ्या मते तितकंच मोठं कारण म्हणजे तो पाणी काढत राहतो.

एक लिटर पाणी हवेतून वेगळं करायला सुमारे ०.७ किलोवॉट-तास उष्णता उचलावी लागते. मुंबईच्या मे महिन्यात दीड टनाच्या एसीने तासाला दोन लिटर पाणी काढलं, तर त्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा निव्वळ त्यातच गेला. म्हणून दाराखालची फट बुजवा, सारखी ये-जा टाळा, बाथरूमचं दार लावून घ्या. बाहेरून घुसणारी हवा नुसती गरम नसते, भिजलेलीही असते. पावसाळ्यात तापमान फार नसतं, चिकचिक असते. तेव्हा रिमोटवरचा थेंबाचं चित्र असलेला ड्राय मोड लावून पाहा. ते बटण कॅरियरच्या छापखान्यातून थेट आलेलं आहे, आणि बहुतेक घरांत त्याला कोणी बोट लावलेलं नसतं.

नागपुरात गणित वेगळं. तिथे मे महिन्याच्या ४५ अंशांत हवा कडकडीत कोरडी असते, म्हणून वाळ्याचे पडदे शिंपणारी जुनी माणसं आणि आजचा कूलर दोघांनाही थोडक्यात गारवा साधतो. जुलैत पाऊस सुरू झाला की तोच कूलर घामाला आमंत्रण देतो. एसी लावलाच, तर कोरड्या हवेत २६-२७ अंश आणि छताचा पंखा एवढं पुरतं, कारण पंख्याच्या वाऱ्याने घाम उडतो आणि अंगाला दोनेक अंश कमी भासतात. एक अंश वर ठेवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. त्याच ब्युरोच्या नियमाने जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताना आपोआप २४ वर लागतात. १८ लावल्याने खोली लवकर गार होत नाही. आपण झोपी गेल्यावरही यंत्र १८ चा पाठलाग करत राहतं, एवढंच.

घेताना टनाच्या जोडीला लेबलवरचा आकडाही वाचावा. दीड टन म्हणजे काटेकोर हिशेबाने ५,२७५ वॉट उष्णता. बाजारातल्या कित्येक ‘दीड टनी’ एसींवर ५,००० वॉटच्या आसपास लिहिलेलं सापडतं, म्हणजे १.४ टन. चोरी म्हणता येणार नाही, तो आकडा लेबलवरच छापलेला असतो. ही ताकद विजेची नव्हे, उचललेल्या उष्णतेची, हेही ध्यानात असू द्या. वीज याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच लागते, आणि तो हिस्सा किती लहान, ते लेबलवरचे तारे सांगतात. जाळी मात्र पंधरवड्याने नळाखाली धुवायला हवी, नाहीतर पंचतारांकितपणा धुळीत जातो.

राहिला एसीच्या नळीतून ठिबकणारा पाण्याचा थेंब, ज्यावरून सोसायटीच्या सभेत खालच्या आणि वरच्या मजल्याची जुंपते. नळी बादलीत सोडली की रात्रीत बादली भरते. ते पाणी क्षारविरहित असतं, पण नळ्यांवरची धूळ आणि जंतू घेऊन येतं. कुंड्यांना आणि लादी पुसायला चालतं, पिऊ नये.