सशुल्क दूरचित्रवाणी आणि कुटुंबाचा निवडीचा हक्क

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सशुल्क दूरचित्रवाणीच्या वादात ‘ग्राहकाची निवड’ आणि ‘कुटुंबाची मूल्ये’ या दोन कल्पना वारंवार पुढे येतात. परंतु निवड या एका शब्दात दोन भिन्न हक्क सामावलेले आहेत : नको ते घरात येऊ न देण्याचा, आणि नको त्याचे मोल न देण्याचा. संघराज्याच्या कायद्याने पहिला हक्क उत्तरोत्तर दृढ केला. दुसरा मात्र बव्हंशी विक्रेत्याच्याच हाती राहिला. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी हे दोन्ही हक्क एकत्र नांदत होते. १९५१ साली झेनिथ कंपनीने शिकागो येथे ३०० कुटुंबांवर ‘फोनव्हिजन’चा प्रयोग केला. त्यात प्रत्येक चित्रपटास एक डॉलर आकार असे. जो चित्रपट मागविला नाही त्याचे मोलही पडत नसे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मोफत दूरचित्रवाणीच्या रक्षणार्थ सशुल्क प्रक्षेपणावर बंदी घातली. ती त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे रद्द ठरविली.

पुढे केबलचा प्रसार झाला आणि चित्र पालटले. १९७२ साली सुरू झालेल्या ‘होम बॉक्स ऑफिस’सारख्या वाहिनीस स्वतंत्र शुल्क असले, तरी बहुतेक वाहिन्या एकगठ्ठा विकल्या जाऊ लागल्या. १९८४ च्या केबल कायद्याने ग्राहकाच्या मागणीवरून वाहिनी बंद करणारे कुलूप पुरविण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. पण ते विकत वा भाड्याने. म्हणजे नको असलेल्या वाहिनीचे मोल द्यावयाचे आणि ती बंद ठेवण्याचेही! मागणी केल्यास विनामूल्य अडथळा घालण्याची तरतूद १९९६ च्या कायद्यात झाली. २००० साली ‘प्लेबॉय’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असा निर्णय दिला की, सरसकट निर्बंधापेक्षा घरोघरी मागणीनुसार वाहिनी रोखणे हा सौम्य आणि म्हणून ग्राह्य मार्ग होय. पहिल्या हक्काचा हा कळस म्हणता येईल.

दुसऱ्या हक्काची कसोटी नंतर लागली. वाहिन्या सुट्या विकल्यास बहुतेक ग्राहकांचा खर्च वाढेल, असे संघीय दळणवळण आयोगाच्या २००४ च्या अहवालात म्हटले होते. २००६ च्या अहवालात त्याच आयोगाने पूर्वीच्या गणितातील चुका दाखविल्या. येथे कुटुंबवादी पक्षातच फूट पडली, ही बाब लक्षणीय आहे. पालकांच्या काही संघटनांनी सुट्या विक्रीची मागणी केली. उलट अनेक धार्मिक प्रसारकांनी, गठ्ठा फुटल्यास आपल्या लहान वाहिन्या टिकणार नाहीत, या भीतीने तिला विरोध केला. त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. अखेर प्रमुख कंपन्यांनी ‘कौटुंबिक संच’ विक्रीस आणले. परंतु त्यांत कोणत्या वाहिन्या असाव्यात, हे कंपन्यांनीच ठरविले.

सारांश, कुटुंबाला दाराची कडी मिळाली, पण बाजाराची यादी त्याच्या हाती आली नाही. त्यामुळे निवडीच्या स्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना, कोणी काय पाहिले याबरोबरच कोणी कशाचे मोल दिले, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.