गुरूच्या प्रदक्षिणा आणि इतिहासाची कालगणना

मेहरौलीचा लोहस्तंभ पाहिला नाही, असा दिल्लीतील विद्यार्थी विरळाच. कुतुबमिनाराच्या आवारातील या स्तंभावर चंद्र नावाच्या राजाची प्रशस्ती कोरलेली आहे. मात्र तीत वर्षाचा उल्लेख नाही. हा चंद्र म्हणजे गुप्तवंशातील दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. त्याचा काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी येतो, हे आज पाठ्यपुस्तकही सांगते. त्या निश्चितीमागे आकाशातील एक आवर्तन आणि एका मराठी शिक्षकाचे गणित आहे.

गुप्तकालीन लेखांत गुप्तसंवताची वर्षे आढळतात. परंतु हा संवत केव्हा सुरू झाला, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. शककालानंतर २४१ वर्षांनी, म्हणजे इ.स. ३१९च्या सुमारास, असे अल्बीरूनीने लिहून ठेवले होते. थॉमस मात्र हा आरंभ इ.स. ७८पर्यंत, तर कनिंगहॅम १६६पर्यंत मागे नेत. यांपैकी कोणाचे मत ग्राह्य ठरते, यावर संपूर्ण गुप्तयुगाचे स्थान अवलंबून होते.

गुप्तलेखांचे संपादक फ्लीट यांनी या कामी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे साहाय्य घेतले. दापोलीनजीकच्या मुरूड गावी १८५३ साली जन्मलेल्या दीक्षितांचा व्यवसाय अध्यापनाचा. ज्योतिर्गणित हा त्यांचा ध्यास होता.

मध्य भारतातील परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत गुप्तवर्षासोबत संवत्सराचे नावही येते: १५६ महावैशाख, १९१ महाचैत्र, २०९ महाआश्वयुज. गुरू सुमारे बारा वर्षांत राशिचक्राची एक प्रदक्षिणा करतो. अस्तानंतर ज्या नक्षत्रात त्याचा उदय होतो, त्यावरून त्या संवत्सराला नाव मिळते. १५६ ते १९१ ही ३५ वर्षे, म्हणजे तीन प्रदक्षिणांना एक वर्ष कमी. म्हणून नाव वैशाखाच्या मागचे, चैत्र. पुढच्या १८ वर्षांत दीड प्रदक्षिणा. म्हणून चैत्रापासून सहावे नाव, आश्वयुज. दीक्षितांनी त्या त्या वर्षीचे गुरूचे उदय गणिताने काढले आणि इ.स. ३१९-२० हा आरंभ धरल्यास ताम्रपटांतील नावे जुळतात, हे दाखवून दिले.

बारा वर्षांनी तेच नाव परत येत असल्याने केवळ नाव हा निर्णायक पुरावा ठरत नाही. त्याला मंदसोरच्या शिलालेखाची जोड मिळाली. चंद्रगुप्ताचा पुत्र कुमारगुप्त याच्या कारकिर्दीतील या लेखात मालव संवताचे ४९३ हे वर्ष, म्हणजे इ.स. ४३६, नोंदलेले आहे. अल्बीरूनीचे विधान, शिलालेख आणि आकाश या तिघांची साक्ष एक झाली. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ साली वाचकांच्या हाती आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीच्या आत, त्यांचे निधन झाले.

साठ संवत्सरांचे चक्रही गुरूच्याच गतीवर उभे आहे. साठ वर्षांत गुरूच्या पाच प्रदक्षिणा होतात आणि शनीच्या सुमारे दोन. शाळेच्या स्थापनेच्या वर्षी गुढीपाडव्याला मराठी पंचांगात जे संवत्सरनाम वाचले गेले, तेच हीरक महोत्सवी वर्षात पुन्हा आले आहे. पहिल्या वर्षीच्या पटावरील बालके आज आजी-आजोबा झाली आहेत. त्यांनी नातवंडांना लोहस्तंभ दाखवावा, तेव्हा त्यावर न कोरलेले वर्ष शोधून काढण्यास साहाय्य करणाऱ्या त्या शिक्षकाचे नावही अवश्य सांगावे.