वऱ्हाडातील खंजिरी : घडण, नाद आणि लोकजागृती

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचा विचार आजवर बहुधा शब्दांच्या अंगाने झाला आहे. ज्या खंजिरीवर ती भजने गायिली गेली, तिला केवळ साथीचे स्थान मिळाले. वस्तुतः या वाद्याची घडण ध्यानात घेतल्यावाचून त्या भजनांच्या प्रभावाची उपपत्ती पुरतेपणी लागत नाही.

खंजिरीची अंगे तीन : लाकडी कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले चामडे आणि कड्याच्या खाचांत सैल ओवलेल्या धातूच्या चकत्या. चामड्याचा व्यास लहान व ताण अधिक, म्हणून तिचा नाद डफाच्या नादाहून उंच असतो. कडे उथळ व मागील बाजू उघडी असल्याने तो लवकर विरतो. परिणामी द्रुत लयीतही आघात सुटे ऐकू येतात. चकत्यांचा तीव्र नाद गायकाच्या स्वराहून पुष्कळ वरचा असल्यामुळे समूहगानातही झाकला जात नाही.

पाश्चात्त्य ड्रमसंचात हीच कार्ये निरनिराळ्या अवयवांकडे असतात. लहानमोठे ढोल चर्मनाद देतात, झांजा धातुनाद देतात. १९०९ साली ल्युडविग यांनी पेटंट घेतलेल्या पेडलमुळे मोठा ढोल पायाने वाजविणे सुकर झाले. तथापि तो वादक एका जागी बसलेला असतो. खंजिरीत चर्म व धातू एकाच कड्यात सामावतात आणि ती वाजविणारा स्वतः गातो, उभा राहतो, चालतो.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. तबला व मृदंग यांवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० पासूनच्या संशोधनात दाखविले. खंजिरीस शाई नसते, त्यामुळे तिला निश्चित स्वर नसतो. म्हणून ती गायकाच्या षड्जाशी जुळवावी लागत नाही. समुदायाला झेपेल ती पट्टी गायकास धरता येते.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना नागपूर व रायपूर येथे कारावास घडला. गावोगाव फिरून मोकळ्या जागी जमलेल्या जनांस गाऊन सांगावयाच्या या कार्यास असे सुटसुटीत व स्पष्ट नादाचे वाद्य अनुकूल ठरले, असे अनुमान काढता येते.

या अनुमानास मर्यादा आहे. त्याच जिल्ह्यातील गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) श्रोत्यांस प्रश्न विचारीत केलेल्या कीर्तनांतून लोकजागृती साधली; तेथे मुख्य भार वाणीवर होता. सारांश, खंजिरी हे जागृतीचे कारण नव्हे; एका विशिष्ट पद्धतीच्या जागृतीस तिने साधन पुरविले.

आज कृत्रिम पडद्याच्या खंजिऱ्याही प्रचारात आहेत. असा पडदा पावसाळी दमटपणाने सैल होत नाही, परंतु त्याचा नाद चामड्याचा नव्हे. यास्तव अमरावती व अकोला जिल्ह्यांतील भजनमंडळांकडे असलेल्या जुन्या चर्मखंजिऱ्यांची मापे घेणे व नाद ध्वनिमुद्रित करणे अगत्याचे आहे. भजनांचे शब्द छापील ग्रंथांत सुरक्षित आहेत. चामडे मात्र जिरून जाते, आणि त्याबरोबर इतिहासाचे एक साधनही.